नेणं आणि उचलणं

नकाराचं पत्र व्हर्लीन टॅटमने तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. बहुतेक सगळं तिनेच लिहिलेलं होतं. शेवटची दोन वाक्यं तेवढी पेन्शन कचेरीची.

पत्रात म्हटलं होतं: अर्जदार बाई लिहितात की साखरेच्या पाच पौंडी पिशवीहून जड काहीही कॅरी करणं त्यांना जमत नाही. पुढच्याच पानावर त्या लिहितात की दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी त्या आपल्या अंकलना डायलिसिसला कॅरी करतात. सबब पाठीच्या दुखण्याबद्दलचं त्यांचं कथन विश्वासार्ह वाटत नाही. अपंगत्वाची पेन्शन नामंजूर.

"बरोबरच आहे की," ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून म्हणाली. "दोन्ही खरं आहे. मग विश्वास का नाही?"

समोर अंकल लूशस मक्याची भाकरी ताकात कुस्करून खात होते. दोन्ही गोष्टी त्यांना डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. तिच्या आईचे धाकटे भाऊ, वय एक्क्याऐंशी, जन्म लाकडाच्या वखारीत ओंडके फिरवण्यात गेलेला. मूत्रपिंडं गेली तरी अंगाने अजून दाराएवढे होते.

"पोरी, तू मला नेतेस की नाही?"

"नेते."

"साखरेची पिशवी उचलवते?"

"नाही."

"मग त्यांना म्हणावं, चष्मे पुसा."

ही गल्लत त्या दोघांना दिसणं शक्यच नव्हतं. अलाबामाच्या या भागात माणसाला कॅरी करायचं म्हणजे गाडीत घालून न्यायचं. आजीला चर्चला कॅरी करतात, बहिणीला बसथांब्यावर कॅरी करतात, कोणी कोणाला खांद्यावर घेत नाही. पोतं, बादली, तान्हं मूल यांनाही कॅरीच करतात, पण ते कुठलं आणि हे कुठलं ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पोटातलं मूल नऊ महिने कॅरी करतात, गाण्याचा सूर कॅरी करतात, आणि व्हर्लीनसारखी सरळ पाठीची बाई रस्त्याने चालली की ओसरीवरचे म्हातारे म्हणतात, बघा कशी स्वतःला कॅरी करते. पण कचेरी दोनशे मैलांवर. तिथल्या माणसाने शब्दकोशातला पहिला अर्थ घेतला, दुसरा बघायची तसदी घेतली नाही, सत्तावन्न वर्षांच्या बाईला खोटारडी ठरवलं आणि बहुधा जेवायला गेला.

आणि खरं सांगायचं तर त्या बाईने पहिल्या अर्थानेही उभा जन्म कॅरीच केलं होतं. तेच तिच्या पाठीत साचलं होतं.

गावातला शर्टांचा कारखाना बंद पडला तेव्हा ती तिशीची होती. दुसऱ्याच आठवड्यात ती वृद्धाश्रमात लागली आणि तिथे सव्वीस वर्षं राहिली. काम काय, तर माणसं उचलायची. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासावर, संडासावरून परत पलंगावर. एका पाळीत चौदा माणसं, प्रत्येक जण पाच-सहा वेळा. उचलायचं यंत्र होतं, नाही असं नाही. ते भांडारात होतं, त्याचा पट्टा तुटलेला होता, आणि तपासणीच्या दिवशी तेवढं ते पुसून बाहेर ठेवत. मग व्हर्लीन गुडघ्यात वाकायची आणि म्हातारीला म्हणायची, "घाला हात माझ्या गळ्यात. नाचायला जायचंय ना आपल्याला?" म्हातारी हसायची. हसलं की माणूस थोडं हलकं होतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यातल्या काही गोऱ्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी तिच्या आईला, काळी म्हणून, पुढच्या दाराने घरात घेतलं नव्हतं. आता त्या तिच्या गळ्यात हात टाकून झोके घेत. यावर काही बोलावं असं तिला कधी वाटलं नाही. बोलायला दम लागतो, आणि दम उचलण्यात जाई.

छपन्नाव्या वर्षी कमरेतल्या दोन गाद्या सरकल्या. वृद्धाश्रमाने केक कापला, केकवर तिचं नाव चुकीचं लिहिलं, आणि ऑक्टोबरात तिला घरी पाठवलं. तेव्हापासून ती दहा मिनिटांच्या वर बसू शकत नव्हती आणि दहा मिनिटांच्या वर उभीही राहू शकत नव्हती. फक्त रविवारी उभी राहायची. चर्चच्या दाराशी, पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवलेला, लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांच्या रांगेत. तो हात रीत म्हणून मागे असे. आता तो पाठ धरून ठेवायला मागे होता, एवढाच फरक. आणि तो कोणाला कळत नव्हता, याचा तिला अभिमान होता.

जून महिन्यातल्या त्या पत्राची घडी पर्समध्ये घालून ती डेलोइस क्रेन्शॉकडे गेली.

डेलोइस वकील नव्हती. कॅटफिश कापायच्या कारखान्यात अकरा वर्षं मासे सोलून तिच्या दोन्ही मनगटांचा चुथडा झाला होता. मग तिने स्वतःचीच केस लढवायला म्हणून गावच्या वाचनालयात कायदा वाचला, ती जिंकली, आणि तेव्हापासून परगण्यातली सगळी मोडकी माणसं तिच्या दारात येत. ते दारही एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीचं. भिंतीला कपडे वाळवायची यंत्रं तशीच होती. त्यांच्या पोटात ती फायली ठेवायची.

पत्र वाचून तिने टेबलावर हात आपटला, आणि मनगट दुखलं म्हणून स्वतःलाच शिवी दिली.

"मिस व्हर्लीन, तुम्ही हे काय लिहून ठेवलंत?"

"जे खरं ते."

"अहो, फॉर्मवर खरं लिहायचं असतं, पण त्यांच्या भाषेत. तुम्ही चर्चच्या मैत्रिणीला पत्र लिहिल्यासारखं लिहिलंत. त्या माणसाला काय वाटलं ठाऊक आहे? तुम्ही अंकल लूशसना असं," तिने दोन्ही हात नवरीला उचलल्यासारखे पुढे धरले, "असं घेऊन आठवड्यातून तीनदा अडतीस मैल चालता."

व्हर्लीनने तिच्या हातांकडे पाहिलं. मग पत्राकडे. मग तिच्या चेहऱ्यावर समजल्याची सावली हळूहळू उतरली आणि ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, कारण तिची दहा मिनिटं झाली होती.

"अंकलना?" ती म्हणाली. "ते सव्वादोनशे पौंड आहेत."

"तेच म्हणते मी."

"एवढं उचलता आलं असतं तर मी पेन्शन कशाला मागितली असती? सर्कशीत नसते गेले?"

डेलोइस हसली नाही. तिने अपील लिहिलं. सुनावणी पुढच्या वर्षी एप्रिलात लागेल असं उत्तर आलं. दहा महिने थांबा. यांना थांबवायला काय जातं? थांबणाऱ्याच्या पाठीत कळ येते, थांबवणाऱ्याच्या नाही.

मधल्या काळात मंगळवार, गुरुवार, शनिवार चालूच होते. पहाटे पाचला बुइक गाडी सुरू करायची, सीटवर पाठीमागे उशी घालायची, अंकलना काठीने गाडीपर्यंत येऊ द्यायचं, पाठीसाठी चार-पाचदा थांबत अडतीस मैल जायचं, चार तास त्यांचं रक्त यंत्रातून फिरेपर्यंत बाकावर कुशीवर पडून राहायचं, आणि परत यायचं. अंकल वाटेत प्रत्येक शेताचा जुना मालक कोण होता ते सांगत. रोज तेच. तीही रोज "हो का" म्हणत असे.

फेब्रुवारीची अकरा तारीख, गुरुवार. बाहेर गारठलेला पाऊस. पहाटे साडेचारला न्हाणीघरातून धप्प असा आवाज आला. अंकल टब आणि भिंत यांच्या मधल्या फटीत कुशीवर पडले होते. त्यांच्या ओठांवर निळी छटा होती.

तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला. परगण्यात एकच गाडी, ती दुसऱ्या टोकाला गेलेली, दीड तास लागेल. शेजारच्या घरी फोन वाजत राहिला. ते लोक रात्रपाळीवर. अंकलना मंगळवारी अर्ध्यातच यंत्रावरून काढलं होतं, अंगात पाणी भरलेलं, श्वास घेताना घशातून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. आज चुकलं तर शनिवार दिसेल याची खात्री नव्हती.

"राहू दे, व्हर्ल," ते फरशीवरून म्हणाले. "तुझी पाठ."

"गप बसा. घाला हात माझ्या गळ्यात."

"नको म्हणतो ना."

"नाचायला जायचंय ना आपल्याला?"

ती गुडघ्यात वाकली. सव्वीस वर्षांच्या सवयीने हातांनी आपापली जागा घेतली. ते वर आले तेव्हा तिच्या कमरेत कापड फाटावं तसं काहीतरी झालं आणि डावा पाय बधिर पडला. तरी तिने त्यांना गाडीत घातलं, तरी गाडी चालवली. केंद्रावर नर्सने त्यांना आत घेतलं आणि मागे वळून पाहिलं, तर व्हर्लीन गाडीतून उतरतच नव्हती. उतरताच येत नव्हतं. तिला स्ट्रेचरवरून समोरच्या इस्पितळात कॅज्युअल्टीत नेलं. ती पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. त्या दिवसांत अंकलना चर्चची माणसं आळीपाळीने कॅरी करत होती, म्हणजे गाडीतून.

हे तिने डेलोइसला सांगितलं ते थेट सुनावणीच्या दिवशी, वाटेत. डेलोइस गाडी चालवत होती आणि व्हर्लीन मागच्या सीटवर आडवी होती. डेलोइसने गाडी कडेला घेतली आणि मागे वळली.

"आज सांगताय? आज?"

"तू विचारलंच नव्हतंस."

"देवा." तिने थोडा वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "ठीक आहे. ऐका. आपली सगळी केस काय आहे? कॅरी म्हणजे उचलणं नव्हे, नेणं. तुम्ही त्यांना उचलत नाही. आता तुम्हीच तिथे बसून सांगितलंत की उचललं, तर मी कोणत्या तोंडाने भांडू? तो जज्ज विचारेल, 'उचलता का?' तुम्ही म्हणायचं, 'नाही, सर.' ते खरंच आहे. उचलता का, असं विचारलंय. उचललं का, असं नाही."

"आणि उचललं का असं विचारलं तर?"

"नाही विचारणार. यांना दुपारच्या आत पाच केसेस उरकायच्या असतात."

सुनावणी एका मॉटेलच्या मीटिंगच्या खोलीत होती. गालिच्याला जुन्या सिगारेटींचा वास. जज्ज लिंडक्विस्ट हे दूर उत्तरेतल्या मिनेसोटाकडचे, वर्षभरापूर्वी इकडे बदली होऊन आलेले, किडकिडीत, सर्दी झालेले. ते दुष्ट वाटत नव्हते. दमलेले वाटत होते. व्हर्लीनने उजवा हात वर करून शपथ घेतली आणि डावा हात आपोआप पाठीमागे कमरेवर गेला.

डेलोइस कॅरी या शब्दावर बोलायला उभी राहिली. तिने तीन पानं लिहून आणली होती. जज्जनी पहिल्या पानावरच हात वर केला.

"मिस क्रेन्शॉ, मला यांच्याकडून ऐकू दे. मिस टॅटम, तुम्ही तुमच्या अंकलना डायलिसिसला कॅरी करता ते कसं?"

"बुइकमधून, सर."

"म्हणजे नेमकं सांगा."

"मी गाडी चालवते. ते बसतात. ते बोलतात, मी ऐकते."

जज्जनी रुमाल नाकाला लावला. रुमालाच्या आड ते हसले की शिंकणार होते, सांगता येत नाही. "मी इथे आलो त्या आठवड्यात," ते म्हणाले, "माझी शेजारीण म्हणाली होती की ती मला दुकानापर्यंत कॅरी करेल. ती नव्वद पौंडांची आहे. मी नको म्हटलं." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. डेलोइसचे खांदे खाली आले. ती केस तिथेच जिंकली होती, निम्मी तरी.

"म्हणजे तुम्ही त्यांना उचलत नाही."

"नाही, सर."

"आणि कधी उचललंही नाही."

ते नीट प्रश्नही नव्हतं. लिहिता लिहिता, मान खाली घालून, पुढच्या ओळीवर जाण्याआधी बोललेलं वाक्य. नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. जबानी टिपणाऱ्या टेपचं चाक फिरत होतं. डेलोइसचं पेन कागदावर उभं राहिलं होतं.

व्हर्लीनने विचार केला असं म्हणता येणार नाही. ती फार थकली होती. तिची दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. तिच्या मनात एवढंच आलं की पहिल्या वेळी आपण खरं लिहिलं आणि ते खोटं ठरलं. आता खोटं बोललो तर ते खरं ठरेल. आणि मग घरी जाऊन त्याच न्हाणीघरात रोज तोंड धुवायचं.

"एकदा," ती म्हणाली.

जज्जनी मान वर केली.

तिने सांगितलं. टब, पाऊस, ॲम्ब्युलन्सचा दीड तास, शेजाऱ्यांचा वाजणारा फोन. रडली नाही, आवाज चढवला नाही, वृद्धाश्रमात पाळी बदलताना पुढच्या बाईला सांगावं तसं सांगितलं. कोणी काय खाल्लं, कोणाला काय झालं.

"त्यांचं वजन किती?"

"सव्वादोनशे, सर. त्या दिवशी पाणी धरून जास्त."

"तुम्हाला माहीत होतं पाठीचं काय होईल ते?"

"सर, मी सव्वीस वर्षं तेच काम केलंय. मला मिटल्या डोळ्यांनीही कळतं कोण मला मोडणार ते."

"मग?"

"मग काय. ते फरशीवर होते."

जज्जनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, त्या दिवसाचे इस्पितळाचे कागद आहेत का? डेलोइसने, जिला ते कागद आहेत हेच सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं, तोंडावरची रेषही न हलवता सांगितलं की दोन आठवड्यांत सादर करते.

बाहेर वाहनतळावर मात्र तिचा संयम सुटला. तिने उकडलेल्या शेंगांची पुडी उघडली आणि एकेक टरफल असं फोडलं की जणू कोणाची मान आहे.

"जिंकलो होतो, मिस व्हर्लीन. तो हसला होता. एक 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तेवढं जड होतं तुम्हाला?"

"हो, बेबी," व्हर्लीन मागच्या सीटवर आडवी होत म्हणाली. "पाच पौंडांच्या वर होतं."

निकाल जूनच्या शेवटी आला. या वेळी ती पत्र न उघडताच लॉन्ड्रीत घेऊन गेली. डेलोइसने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा आधी उजळला, मग काळवंडला.

"मंजूर," ती म्हणाली. "पण ऐका काय लिहिलंय. तुम्ही अपंग आहात ते अकरा फेब्रुवारीपासून. त्या दिवसाचे कागद पुरावा म्हणून पक्के आहेत. त्याआधीच्या सोळा महिन्यांचं सिद्ध झालं नाही. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही अंकलना उचललंत ना, त्या दिवसापासून तुमची पाठ मोडली. त्याआधी ठणठणीत होती."

"बरं."

"बरं काय बरं? सव्वीस वर्षं त्या आश्रमाने तुमच्याकडून ओझी वाहून घेतली ती हवेत गेली? एका म्हाताऱ्याला एकदा उचललंत ते तेवढं खरं, आणि हजार म्हाताऱ्यांना लाख वेळा उचललंत ते कुठं कागदावर नाही म्हणून झालंच नाही? मी यावर वरती जाते. मी ही केस अटलांटाच्या कोर्टापर्यंत कॅरी करेन."

"कशातून?" व्हर्लीनने विचारलं.

डेलोइसने पत्राची घडी घातली.

"वर गेलीस तर आहे तेही पुन्हा उघडतील ना?"

"उघडू शकतात."

"मग राहू दे. मला आता एकच काम करायचंय, बेबी. काहीच उचलायचं नाहीये. तुझी केसही नाही."

डेलोइसने कपडे वाळवायच्या यंत्राचं झाकण उघडलं, फाईल आत टाकली आणि झाकण जरा जोरात लावलं. पण वर जायचा विषय तिने तिथेच सोडला. माणूस किती ओढायचा हे तिला आपल्या मनगटांवरून माहीत होतं.

शनिवारी पहाटे बुइक दारात उभी होती. अंकल लूशस काठी टेकत आले आणि गाडीच्या उघड्या दाराशी थांबले.

"काय म्हणतात सरकार?"

"म्हणतात, तुम्ही पडलात ते बरं झालं."

"त्यांना सांग, पुन्हा पडायला जमणार नाही. न्हाणीघर लहान आहे."

"सांगते."

मग ते आत बसू लागले. आधी काठी सीटवर, मग एक हात टपावर, मग कंबर वळवायची, मग एक पाय. अर्ध्यावर अडकले. धाप लागली. व्हर्लीनचे हात पुढे निघाले, ती काही करायच्या आधीच निघाले, तिने ते मध्येच पाहिले आणि मागे घेतले. डावा नेहमीप्रमाणे कमरेवर. आणि त्यावर उजवा, घट्ट पकडून.

अशी ती उभी राहिली, चर्चच्या दाराशी राहते तशी सरळ, अंकल आपले आपण आत बसेपर्यंत. बराच वेळ लागला.